डॅम्नेशन क्रीक: रेडवूडमधून समुद्रापर्यंत उतरणारी वाट

सह्याद्रीत चालणाऱ्याच्या अंगात एक हिशोब मुरलेला असतो. पायथ्याच्या गावातून पहाटे निघायचं, ऊन चढायच्या आत माथा गाठायचा, आणि परतताना थकलेल्या पायांना उतारच मिळणार हे धरून चालायचं. कॅलिफोर्नियाच्या अगदी उत्तरेला डॅम्नेशन क्रीक नावाची एक वाट आहे, तिथे हा हिशोब उलटा मांडावा लागतो. क्रेसेंट सिटी गावाच्या दक्षिणेला साधारण १३ किलोमीटरवर, १०१ क्रमांकाच्या हमरस्त्यालगत गाडी लावायची. तिथून रेडवूड या आभाळाला भिडणाऱ्या झाडांच्या जुन्या जंगलातून ३४० मीटरच्या आसपास खाली उतरत थेट पॅसिफिकच्या काठावर जायचं. आणि मग ओल्या बुटांनी, भरल्या पोटाने, तो सगळा उतार चढून वर यायचं. जाऊन-येऊन अंतर साडेसहा किलोमीटरच्या आसपास. आतकरवाडीहून सिंहगड चढणाऱ्याला हा आकडा किरकोळ वाटेल, कारण तो चढ याच्या जवळजवळ दुप्पट आहे. तरीही इथे पाय बोलतात, कारण सगळी मेहनत दिवसाच्या शेवटच्या तासाला येऊन पडते.

रेडवूड पाहायला म्हणून सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातली, म्हणजे बे एरियातली, बहुतेक मराठी घरं तिथून जवळच्या म्यूर वुड्स या रेडवूडच्या बनात जातात. जागा सुंदरच आहे, पण २०१८ पासून तिथे गाडी लावायची जागासुद्धा आधी आरक्षित करावी लागते, आणि मुख्य वाट दरीच्या तळाशी सपाटीवरून जाते. तिथे झाडं दिसतात. ती झाडं तिथेच का उभी आहेत, पाचपन्नास मैल आत का नाहीत, अगदी वाळूवर का नाहीत, हे मात्र तिथे कळत नाही. डॅम्नेशन क्रीकच्या वाटेवर ते टप्प्याटप्प्याने डोळ्यांसमोर येतं. रेडवूडला समुद्र लागतो, पण समुद्राचं मीठ त्याला सोसत नाही. या दोन गोष्टींच्या मधल्या पट्ट्यात त्याचा सगळा संसार आहे, आणि ही वाट तो पट्टा वरून खाली आडवा छेदत जाते.

सॅन फ्रान्सिस्कोहून इथवर गाडीने सहा-सात तास लागतात, त्यामुळे एका दिवसात जाऊन येऊ हा विचार सोडून द्या. क्रेसेंट सिटीत नाहीतर क्लॅमाथमध्ये मुक्काम करावा. दक्षिणेकडून येताना वाटेची सुरुवात येण्याच्या थोडं आधी ‘लास्ट चान्स ग्रेड’ म्हणून ओळखला जाणारा रस्त्याचा तुकडा लागतो. तिथला डोंगर वर्षानुवर्षं समुद्राकडे सरकतो आहे, रस्ता सतत दुरुस्तीखाली असतो आणि एकेरी वाहतुकीसाठी सिग्नलला थांबावं लागतं. अखेर तिथे डोंगरातून बोगदा काढायचं ठरलं आहे. तोवर ओहोटीची वेळ गाठायची असेल तर या थांब्यासाठी अर्धा तास हाताशी ठेवावा.

वाटेची सुरुवात चुकणं फार सोपं आहे. मोठी पाटी नाही, कचेरी नाही. रस्त्याच्या पश्चिमेला, म्हणजे समुद्राच्या बाजूला, सोळा क्रमांकाच्या मैलदर्शकाजवळ मोजक्या गाड्या मावतील एवढी मोकळी जागा आहे, तीच सुरुवात. उत्तरेकडे जाताना ती डाव्या हाताला येते आणि वळणावरून गाड्या वेगाने येत असतात. तेव्हा घाईत आडवं वळण्यापेक्षा पुढे जाऊन, सुरक्षित जागी गाडी फिरवून परत यावं. तिथे शौचालय नाही, पिण्याचं पाणी नाही, आणि फोनला रेंज नाही असंच धरून चालावं. भरती-ओहोटीचं कोष्टक, नकाशा आणि वाट चालू आहे की बंद याची खात्री हे सगळं गावात असतानाच करून घ्यायचं. या वाटेचा शेवटचा भाग आणि तिथले पूल याआधीही खराब होऊन बंद राहिलेले आहेत, त्यामुळे क्रेसेंट सिटीतल्या ‘रेडवूड नॅशनल अँड स्टेट पार्क्स’ या उद्यानसमूहाच्या माहिती केंद्रात विचारणं हे उपचारापुरतं करायचं काम नव्हे. कुत्र्यांना या वाटेवर परवानगी नाही.

गाडीचं दार लावून वीस पावलं आत गेलं की हमरस्त्याचा आवाज झपाट्याने मागे पडतो. वाट आधी थोडीशी चढते, आणि या वाटेवरची सगळ्यात देखणी झाडं याच पहिल्या भागात आहेत. लोक समुद्राच्या ओढीने हा भाग भरभर मागे टाकतात, ते मला पटत नाही. इथे वेळ द्यावा. एकेक खोड खोलीएवढं रुंद, पहिली फांदी कुठेतरी तीस-चाळीस मीटरवर. साल तांबूस, तंतुमय, उभ्या चिरांची, मोठ्या झाडाला तीस सेंटिमीटरपर्यंत जाड. या सालीत आणि गाभ्याच्या लाकडात टॅनिन भरपूर असतं, म्हणून कीड आणि बुरशी सहजी शिरत नाही. सालीत राळ जवळजवळ नसते, म्हणून ती पाइनसारखी भडकून पेटत नाही. तरी शेकडो वर्षांत आगी येतातच. बुंध्याशी काळ्याठिक्कर पोकळ्या दिसतील, माणसं आत उभी राहू शकतील एवढ्या मोठ्या. सुरुवातीचे गोरे वसाहतवाले त्यांत कोंबड्या-बदकं कोंडायचे. अशी पोकळ झालेली झाडंसुद्धा वरून हिरवीगार असतात, कारण पाणी वर नेणारा जिवंत थर सालीच्या लगेच आत असतो. तो थोडा जरी शाबूत राहिला तरी झाड चालत राहतं.

आणि एवढ्या उंचीच्या झाडाची मुळं खोल जातच नाहीत. नव्वद मीटरच्या झाडाची मुळं फार तर दोन-चार मीटर खोल असतात. आडवी मात्र ती तीस मीटरपर्यंत पसरतात आणि शेजारच्या झाडांच्या मुळांत गुंततात. एकेकटं रेडवूड वाऱ्यात आडवं होऊ शकतं, घोळक्यातलं तगून राहतं. म्हणून वाट सोडून बुंध्याला मिठी मारायला जाणं, फोटोसाठी झाडामागे फिरणं हे झाडाला खरोखर बाधतं. पाणी शोषणारी बारीक मुळं वरच्या वीतभर मातीत असतात. माती सतत तुडवली गेली की दाबून घट्ट होते, तिच्यातली हवा आणि पाणी जातं, आणि ती मुळं मरतात. एका माणसाच्या पावलाने काही होत नाही. पण एकाच्या पावलामागे दुसरा जातो आणि वर्षभरात तिथे वाट पडते. जगातलं सगळ्यात उंच झाड, हायपेरियन, याच उद्यानसमूहात आहे. २००६ मध्ये ते सापडलं, उंची सुमारे ११६ मीटर. त्याची जागा इंटरनेटवर फुटली, लोक वाट नसलेल्या जंगलातून तिथे जात राहिले, बुंध्याभोवतालचे नेचे नाहीसे झाले. शेवटी २०२२ मध्ये तो परिसर बंद करावा लागला. आता तिथे सापडणाऱ्याला ५,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. खालून पाहणाऱ्याला शंभर मीटर आणि एकशे सोळा मीटर यांतला फरक कळतसुद्धा नाही. त्या एका झाडामागे धावण्यापेक्षा डॅम्नेशन क्रीकच्या वरच्या अर्ध्या किलोमीटरमध्ये मान वर करून उभं राहणं कितीतरी मोलाचं आहे.

आता धुक्याबद्दल, कारण त्याच्याशिवाय यातलं काहीच उभं राहिलं नसतं. इथला पावसाळा आपल्या उलट असतो. पाऊस साधारण ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत पडतो आणि उन्हाळ्याचे महिने जवळजवळ कोरडे जातात. त्याच उन्हाळ्यात किनाऱ्यावर वायव्येचा वारा सतत वाहतो. तो समुद्राचं वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलतो आणि त्याच्या जागी खोलातलं थंड पाणी वर येतं. दमट हवा या थंड पाण्यावरून जाताना निवते, आणि थंड पाण्याच्या तांब्यावर बाहेरून थेंब जमावेत तसं हवेतल्या हवेत पाणी जमून धुकं तयार होतं. ते दऱ्यांमधून वर सरकतं आणि रेडवूडच्या शेंड्यांत अडकतं. बारीक पानांवर थेंब धरतात, एकमेकांत मिसळतात आणि खाली टपकतात. १९९० च्या दशकात टॉड डॉसन या वनस्पतिशास्त्रज्ञाने उत्तर कॅलिफोर्नियात मोजणी केली, तेव्हा जंगलाला वर्षभरात मिळणाऱ्या पाण्यापैकी सुमारे एक तृतीयांश पाणी धुक्यातून आल्याचं दिसलं. शिवाय रेडवूड पानांवाटेही थेट पाणी शोषतं. शंभर मीटर वर पाणी चढवणं हे झाडाच्या दृष्टीने भारी काम आहे. म्हणूनच शेंड्याची पानं खालच्या पानांपेक्षा खुरटी, खवल्यांसारखी असतात. तिथे जागच्या जागी मिळणारा ओलावा लाखमोलाचा.

चालणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की जुलैच्या कोरड्या दिवशी, हवामानखात्याने पाऊस नाही म्हणून सांगितलेलं असताना, या वाटेवर अंगावर टपटप थेंब पडतात आणि पायाखाली चिखल असतो. तापमान भर उन्हाळ्यात पंधरा अंशांच्या आसपास राहतं. सुती टी-शर्ट आणि जीन्स घालून आलेला माणूस उतरताना कुडकुडत नाही, पण खाली समुद्रावर वाऱ्यात दहा मिनिटं उभा राहिला की त्याचे दात वाजतात. अंगालगत लवकर वाळणारा कपडा, त्यावर लोकरी किंवा फ्लीसचं काहीतरी आणि वर पातळ रेनकोट असे तीन थर बाराही महिने न्यावेत. धुकं आहे म्हणून बेत रद्द करणारे लोक आहेत. मी उलटं सांगेन. ऊन असताना या जंगलात उजेडाचे भगभगीत कवडसे आणि काळ्या सावल्या एवढंच दिसतं. धुक्यात उजेड सगळीकडे सारखा पसरतो आणि झाडांची खरी खोली कळते. फोटो काढणाऱ्यांना तर धुकंच हवं.

जमिनीकडेही पाहावं. वाटेच्या कडेला तीन-तीन पानांचे हिरवे गालिचे दिसतात, प्रत्येक पान बदामी आकाराचं. ही रेडवूड सॉरेल, आपल्याकडे कुंड्यांत आपोआप उगवणाऱ्या आंबुशीच्याच कुळातली. दाट सावलीत, अगदी क्षीण उजेडावर ती जगते, आणि थेट ऊन तिला चालत नाही. वरच्या फांद्यांतून एखादा कवडसा या गालिच्यावर पडला की तिथे उकिडवं बसून पाहत राहावं. काही मिनिटांतच उन्हात आलेली पानं मधल्या शिरेवर दुमडतात आणि छत्री मिटल्यासारखी खाली झुकतात. कवडसा पुढे सरकला की ती पुन्हा हळूहळू सपाट होतात. गालिच्यावर दुमडलेल्या पानांचा एक ठिपका सूर्याबरोबर सरकताना दिसतो. मे आणि जूनमध्ये आलात तर याच भागात दोन-तीन पुरुष उंचीचे ऱ्होडोडेंड्रॉन गुलाबी-जांभळ्या फुलांनी भरलेले असतात, आणि नुसत्या त्या फुलांसाठी दोन आठवडे पुढे-मागे करून बेत आखणारे लोक आहेत. त्यांचं काही चुकत नाही.

सुरुवातीपासून साधारण एक किलोमीटरवर एक रुंद, सपाट वाट आडवी येते. ही कोस्टल ट्रेल. हा रस्ता म्हणजे जुना रेडवूड हायवे, मोटारींसाठी बांधलेला आणि १९३० च्या दशकात सोडून दिलेला. मधूनमधून पालापाचोळ्याखाली त्याचं डांबर अजून दिसतं. जाताना ही वाट ओलांडून सरळ खाली उतरायचं. घोटाळा होतो तो परतताना. दमलेला माणूस मान खाली घालून चढत येतो, समोर एकदम सपाट रुंद रस्ता दिसतो, पाय आपोआप तिकडे वळतात, आणि पंधरा मिनिटांनी लक्षात येतं की गाडीकडे जाणारा चढ सुटला. त्यामुळे जातानाच या चौकात थांबून मागे वळून एक फोटो काढून ठेवावा. परतीला तोच देखावा समोर येणार असतो. उंच झाडांखाली आणि दरीत जीपीएसचा ठिपका तीस-चाळीस मीटर इकडे-तिकडे उड्या मारतो. त्यापेक्षा या फोटोवर भरवसा ठेवलेला बरा.

इथून खरा उतार. वाट एकामागून एक नागमोडी वळणं घेत दरीच्या कुशीत शिरते. जमीन रेडवूडच्या पडलेल्या पानांच्या जाड थराने झाकलेली, दिसायला मऊ आणि चालायला छान. पण तीव्र उतारावर हाच कोरडा थर बुटाखालून निसटतो, आणि ओला असेल तेव्हा त्याच्याखाली लपलेली मुळं साबण लावल्यासारखी होतात. मुळावर पाय ठेवायचाच झाला तर आडवा, पूर्ण तळवा टेकवून ठेवावा. टाच टेकून नको. शक्यतो ओलांडूनच जावं. पावलं छोटी, गुडघा किंचित वाकलेला, वजन पुढच्या पायावर टाकण्याआधी तो रोवला गेला आहे याची खात्री. लांब ढांगा टाकत उतरणाऱ्याचे गुडघे खाली पोचेपर्यंत थरथरायला लागतात. चालण्याच्या काठ्या असतील तर उतरताना नेहमीपेक्षा पाच-दहा सेंटिमीटर लांब कराव्यात, चढताना तेवढ्याच आखूड. बुटांची नाडी घोट्यापाशी घट्ट बांधावी म्हणजे पाऊल पुढे घसरत नाही. पायाच्या अंगठ्याचं नख आदल्या दिवशी कापलेलं असलं पाहिजे. नाहीतर तासाभराच्या उतारात ते बुटाच्या टोकावर आपटून आपटून काळंनिळं होतं, आणि हे दुखणं पुढे पंधरा दिवस पुरतं.

वळणाचा कोपरा कापून सरळ खाली उतरायचा मोह इथे अनेकांना होतो, कारण खालचा टप्पा हाताच्या अंतरावर दिसतो. पावसाळ्यात पाणी नेमकं त्या कापलेल्या रेषेने धावतं, माती वाहून जाते, आणि खालच्या वळणाची कडाच खचते. दुरुस्ती करणाऱ्यांना सगळं सामान पाठीवर आणावं लागतं. कडाक्याचा वारा असेल त्या दिवशी तर ही वाट करूच नये. शंभर मीटर वरून सुटलेली मोडकी फांदी जमिनीत भाल्यासारखी रुतते.

उतार निम्म्याच्या पुढे गेला की जंगल बदलायला लागतं, आणि हा बदल हाताने ओळखता येतो. रेडवूडची साल तंतुमय, बोटाखाली किंचित दबणारी. मग डग्लस फर दिसू लागतात, खोल खाचांच्या कडक सालीचे. आणखी खाली सिटका स्प्रूस, ज्याच्या सालीचे पातळ गोल खवले सुटे होतात आणि ज्याची पानं मुठीत धरली तर सुईसारखी टोचतात. रेडवूड विरळ होतात, बुटके होतात, शेंडे वाळलेले दिसतात, आणि मग येणं थांबतात. कारण लाटांचे तुषार. वाऱ्याबरोबर येणारं मीठ रेडवूडची पानं जाळतं, तर सिटका स्प्रूसला ते सोसतं. त्यामुळे समुद्राच्या तोंडाशी स्प्रूसची भिंत उभी राहते आणि तिच्या आडोशाला, धुकं पोचेल पण मीठ पोचणार नाही अशा उंचीवर, रेडवूड मोठे होतात. गाडी लावलेल्या जागेजवळची झाडं सगळ्यात भव्य का, याचं उत्तर इथे खाली आल्यावर मिळतं. रेडवूडचा सगळा पट्टा ऑरेगनच्या दक्षिण टोकापासून बिग सरच्या दक्षिणेपर्यंत सातशेच्या आसपास किलोमीटर लांब आहे, पण रुंदीला काही ठिकाणी दहा किलोमीटरसुद्धा नाही. आत गेलं की धुकं संपतं, बाहेर आलं की मीठ लागतं.

ओढ्याचा आवाज आता मोठा होतो. कडेला अल्डरची झाडं, सॅमनबेरीची काटेरी झुडपं, मधूनमधून खाजकुयलीसारखी आग करणारी नेटल. हात बाजूला लोंबकळत ठेवून चालू नये. पॉयझन ओक नावाची तीन पानांची चकचकीत वनस्पती किनाऱ्याजवळ असू शकते. तिचं तेल कातडीला लागलं तर एक-दोन दिवसांनी फोड येतात, त्यामुळे परत आल्यावर हातपाय गार पाण्याने आणि साबणाने चोळून धुवावेत आणि कपडे वेगळे काढावेत. लाकडी पुलांवर शेवाळ असतं. तिथे कठड्याला हात, आणि एका वेळी एकच माणूस.

पूल ओलांडले की जंगल एकदम संपतं आणि गवताळ माथ्यावर, समुद्राच्या वर, आपण उघड्यावर येतो. समोर पाण्यात काळे सुळके. या माथ्यावरून किनाऱ्यावर उतरायचा शेवटचा तुकडा छोटा पण सगळ्यात वाईट आहे. चिखल, निसटती दगडमाती, हातांचा आधार लागेल अशी उतरण. लहान मुलं सोबत असतील, गुडघे कुरकुरत असतील, किंवा वाट खचलेली दिसत असेल तर माथ्यावरच थांबावं. इथून दिसणारा समुद्र खालून दिसतो त्यापेक्षा मोठाच दिसतो, कमी नाही.

खाली उतरायचं ते ओहोटीलाच. इथे वाळूची चौपाटी नाही, गोल दगडगोट्यांचा आणि खडकांचा अरुंद किनारा आहे आणि भरतीत त्यातलं फारसं काही उरत नाही. क्रेसेंट सिटीचं कोष्टक वापरावं. दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात, पण त्या सारख्या नसतात. एक ओहोटी खोल जाते, दुसरी उथळच राहते. आपल्याला खोल हवी. उन्हाळ्यात या किनाऱ्यावर खोल ओहोट्या बहुधा सकाळच्या, हिवाळ्यात दुपारच्या नाहीतर संध्याकाळच्या असतात. कोकणातल्या माणसाला उधाण आणि भांग यांचा हिशोब वेगळा शिकवायला नको. इथेही अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सगळ्यात जास्त चढतं आणि सगळ्यात जास्त उतरतं, आणि रोजची वेळ सुमारे पाऊण-एक तासाने पुढे जाते. ओहोटीच्या नेमक्या वेळेआधी दोन तास वाटेला लागावं. उतरायला तास-सव्वातास धरला, तर पाणी अजून ओसरत असताना आपण खाली पोचतो. ओहोटीची वेळ उलटून अर्धा तास झाला की निघायचं, कितीही रमलात तरी.

खडकांतल्या डबक्यांत हिरवी सी-ॲनिमोनी, जांभळे-केशरी तारामासे, शिंपल्यांचे गच्च थर दिसतात. पाय उघड्या खडकावर ठेवावा, शेवाळावर आणि शिंपल्यांवर नको, एक तर ती जिवंत आहेत आणि दुसरं म्हणजे तिथे पाय ठरत नाही. समुद्राकडे पाठ करू नये. या किनाऱ्यावर वीस मिनिटं शांत गेल्यावर अचानक एखादी लाट इतरांपेक्षा कितीतरी वर चढून येते, आणि दहा-बारा अंशांच्या पाण्यात ओढला गेलेला माणूस थंडीच्या धक्क्यानेच श्वास हरवतो. पोहणं येणं इथे उपयोगी पडत नाही. आणखी एक गोष्ट: हा भूकंपाचा किनारा आहे. १९६४ च्या अलास्काच्या भूकंपानंतर आलेल्या त्सुनामीने क्रेसेंट सिटीचा मध्यभाग उद्ध्वस्त केला होता. तुम्ही खाली असताना जमीन जोरात किंवा बराच वेळ हलली, तर सामान तिथेच सोडून वाटेने वर सुटायचं. सूचनेची वाट पाहायची नाही. ती द्यायला तिथे कुणी नसतं.

खाण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्या लोकांच्या पिशवीत चिवडा असतोच. मार्बल्ड म्यूरेलेट नावाचा एक छोटा समुद्रपक्षी आहे. तो आयुष्यभर समुद्रात मासे पकडतो आणि अंडं मात्र किनाऱ्यामागच्या जुन्या जंगलात घालतो, उंचावरच्या रुंद, शेवाळलेल्या फांदीवर, वर्षाला एकच. त्याची अशी जागा पक्ष्यांच्या अभ्यासकांना फार उशिरा कळली. कॅलिफोर्नियातलं पहिलं घरटं १९७४ मध्ये सापडलं. जुनं जंगल मूळच्या पाच टक्क्यांच्या आसपास उरलं आहे, म्हणजे असल्या फांद्याही तेवढ्याच उरल्या. त्यात भर म्हणजे स्टेलर्स जे हा निळा, धीट पक्षी आणि डोमकावळा. माणसांनी सांडलेल्या चुऱ्यावर त्यांची संख्या वाढते आणि मग ते म्यूरेलेटचं ते एकुलतं अंडं खातात. म्हणून पार्कवाले सांगतात की एक कणसुद्धा सांडू नका. चिवडा, शेव, भाकरवडी हे या वाटेसाठी सगळ्यात वाईट खाणं, कारण ते सांडल्याशिवाय खाताच येत नाही. थेपले, गुळपोळी, खजूर, घट्ट वळलेला दाण्याचा लाडू चालतो, तोही डब्यावर धरून. केळ्याची साल आणि संत्र्याची सालही परत न्यायची, ती ‘मातीत जाईल’ असं म्हणून टाकायची नाही. खायला थांबायचं तर खाली किनाऱ्यावर किंवा उघड्या माथ्यावर थांबावं.

या वाटेचा मूळ उपयोगही खाण्याशीच जोडलेला आहे. तोलोवा लोक या किनाऱ्याचे मूळ रहिवासी, शिंपले आणि समुद्री वनस्पती गोळा करायला ते डोंगरावरून अशा वाटांनी खाली येत. वाटेला ‘डॅम्नेशन’, म्हणजे नरकवास, हे शापवाणीचं नाव गोऱ्या वसाहतवाल्यांनी दिलं, दाट रानात आणि उभ्या कड्यांत त्यांचे हाल झाले म्हणून, असं सांगतात. त्यांच्याच पुढच्या पिढ्यांनी मग कुऱ्हाड चालवली. १९१८ मध्ये ‘सेव्ह द रेडवूड्स लीग’ स्थापन झाली, वर्गण्या काढून जंगलाचे तुकडे विकत घेत गेली, आणि राष्ट्रीय उद्यान व्हायला १९६८ उजाडलं.

आता चढ. नेस्मिथचा जुना नियम लावला, म्हणजे पाच किलोमीटरला एक तास आणि वर प्रत्येक सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास, तर हा परतीचा प्रवास विनाथांबा सुमारे सव्वा तासाचा निघतो. दमलेल्या पायांनी दीड ते पावणेदोन तास धरावेत. पहिली वीस मिनिटं मुद्दाम हळू चालावं, इतकं हळू की बोलता येईल. बहुतेक जण किनाऱ्याच्या थंडीतून निघतात, अंगात ऊब यावी म्हणून पहिल्याच टप्प्यात जोर लावतात, घामाने भिजतात, आणि मग वळणावर थांबून कुडकुडतात. निघतानाच वरचा थर काढून पिशवीत टाकावा. माणशी दीड लिटर पाणी पुरतं, त्यातलं निदान निम्मं या चढासाठी राखलेलं असावं. थंड हवेत तहान लागत नाही, पण धापेबरोबर पाणी जात असतं, आणि पोटरीत गोळा येतो तो याच टप्प्यात. दरीचं तोंड पश्चिमेला असल्याने खाली उजेड बराच वेळ टिकतो, वर घनदाट झाडांखाली मात्र सूर्यास्ताच्या तासभर आधीच अंधारून येतं. डोक्याला लावायची बॅटरी सकाळी निघालात तरी पिशवीत असू द्या.

या वाटेचं खरं दुखणं दुसऱ्या दिवशी कळतं. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच वजन पेलतात, त्यांत सूक्ष्म इजा होतात, आणि दुखणं चोवीस ते बहात्तर तासांत शिगेला पोचतं. पूर्ण विश्रांतीपेक्षा हलकं चालणं त्यावर जास्त गुणकारी. त्यासाठी स्टाउट ग्रोव्हला जावं. क्रेसेंट सिटीच्या ईशान्येला, स्मिथ नदीच्या काठी, सपाट पूरमैदानावर रेडवूडचं ते एक छोटं बन आहे. जेमतेम एक किलोमीटरचा फेरा आहे. हाउलँड हिल रोड या कच्च्या, अरुंद रस्त्याने गाडी थेट तिथवर जाते. मोठी कॅम्पर गाडी असेल तर या रस्त्याने नेऊ नये. नदीच्या पुरात आलेल्या गाळाने तिथली जमीन सुपीक झाली आहे, मीठ पोचत नाही, आणि झाडं डॅम्नेशन क्रीकच्या वाटेच्या सुरुवातीच्या झाडांहूनही भरदार आहेत.